फुटाण्याची सालं

माझी बायको माकडांना माणसांची सवय लावते. हा तिचा पोटापाण्याचा उद्योग आहे. आधी ती आफ्रिकेतल्या जंगलात गोरिलांना सवय लावायची, आता जपानच्या दक्षिणेकडल्या एका डोंगरात माकडांना. रोज तेच कपडे, तीच वाट, नजरेला नजर द्यायची नाही आणि खायला काही म्हणजे काही द्यायचं नाही. जनावराला वाटलं पाहिजे की हे एक झुडूपच आहे, फक्त चालतंय. मग अभ्यासकांना जवळ बसता येतं आणि पर्यटकांना लांबून बघता येतं. लग्नानंतर माझ्यावरही हाच प्रयोग झाला असावा, असा मला दाट संशय आहे.

त्या उन्हाळ्यात टोकियोजवळचं उरायासूचं घर बंद करून, लॅपटॉप आणि पुण्याहून आलेली आई, असं दोघांना घेऊन मी तिच्या डोंगराखालच्या घरी राहायला गेलो. सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत जंगलातही जायचो. कळपात एक म्हातारी माकडीण होती, कान फाटलेली. तीन वर्षांत ती कुणाच्या जवळ फिरकली नव्हती. एका रविवारी ती सरळ आली आणि माझ्या बुटाशी बसली.

मी हरखून कुजबुजलो, "बघ, ओळखते मला!"

बायकोचा चेहरा उतरला होता. "तुला नाही. तुझ्या हाताकडे बघतेय ती. कुणीतरी हिला खायला घालतंय."

परत येताना तिने सांगितलं ते ऐकून माझाही उत्साह मावळला. माणसाच्या हातात खाऊ असतो हे कळलेलं माकड पुढे संत्र्यांच्या बागेत उतरतं. बागेत पिंजरे लावलेले असतात, आणि पिंजऱ्यात गेलेलं माकड सहसा परत येत नाही.

त्या दिवसापासून घरात चौकशी आयोग बसला. रोज सकाळी माझे खिसे उलटे होऊ लागले. बॅगेचा वास घेतला जाऊ लागला.

"अगं, मी बिस्किटं खातो, पण माझी मी खातो!"

"ते दिसतंच आहे," ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली.

माझा संशय शेजारच्या म्हाताऱ्या लॉजवाल्यावर होता. माकडं जवळ आली की पर्यटक येणार आणि त्याच्या खोल्या भरणार. मी त्याच्या मागोमाग कोनबिनीत, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात गेलो. त्याने केळी घेतली. सापडला चोर! तेवढ्यात त्याने वळून मला वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. तो पुन्हा वाकला. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून मीही केळी घेतली. घरी बायकोने पिशवीत केळी बघितली, आणि पुढचा आठवडा मला जंगलबंदी झाली.

शेवटी तिने माकडिणीची विष्ठा डबीत भरून आणली आणि मागच्या नळावर गाळण्यातून धुतली. गाळणं चहाचं नाही ना, याची खात्री मी आधीच करून घेतली होती. गाळात राहिलेले तपकिरी पापुद्रे तिने पांढऱ्या बशीत ठेवले आणि बशी माझ्यापुढे सरकवली. "हे इथल्या कुठल्याच झाडाचं नाही."

आई भाजी चिरता चिरता डोकावली. "अगंबाई, ही तर फुटाण्याची सालं! कुठे मिळाली गं तुला इथे?"

आम्ही दोघंही आईकडे वळलो. अख्ख्या डोंगरात फुटाणे एकाच बॅगेतून आले होते.

"आई, तुम्ही?"

"शनिवारी ठेवते हो चिमूटभर, गुळाच्या खड्याबरोबर. त्या वरच्या दगडावर." आईला अजून काही कळलं नव्हतं. "इथे मारुतीचं देऊळ नाही, पण मारुती तर रोज फाटकापाशी येतो. त्याला उपाशी ठेवू?"

बायकोने आवाज चढवला नाही. बाग, पिंजरा, सगळं सांगितलं. आईने विळी आडवी केली आणि आत जाऊन बसली. रात्री जेवलीही नाही.

सकाळी मात्र बायकोच्या आधी ती दारात उभी होती. "मला तिथे ने. माझ्याच हाताला सवय झालीये तिची. मीच मोडते."

दोघी रोज त्या दगडापाशी बसू लागल्या, आणि बंदी उठल्यामुळे मीही. पहिल्या दिवशी माकडीण आली, तिने आईची बोटं एकेक करून उघडून बघितली, पदर ओढला, दात विचकले. आई मान खाली घालून, रिकामे तळवे मांडीवर ठेवून बसून राहिली. तिचे ओठ हलत होते. स्तोत्र चाललं होतं की माफी, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी माकडीण पुन्हा आली. मग येईनाशी झाली.

कळप पुन्हा दिसला तेव्हा ती पलीकडच्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून कोवळा पाला खात होती. समोरून पाचोळा वाजवत मी गेलो तरी तिने मान वर केली नाही. बायकोने किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"म्हणजे एवढं सगळं करून मिळवायचं काय," आई हळूच म्हणाली, "तर तिने आपल्याकडे बघूसुद्धा नये?"

"हो, आई. तेवढंच," बायको म्हणाली.

आई थोडा वेळ त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच तोंड फिरवलं.