चिमट्यासारखी धरलेली काडी

देवासच्या मेसवाल्या मावशींनी त्या रविवारी माझी लाज राखली. आज फुलका भाजायला चिमटा हातात घेतला आणि ते आठवलं. नववीत शाळा सोडून मी घरापासून लांब, तिथल्या कारखान्यात लागलो होतो. मेसमध्ये एका सोबत्यानं टीव्हीला व्हिडिओ गेमचे ड्रम जोडले; पडद्यावरच्या गाण्याच्या ठेक्यावर काड्यांनी वाजवायचे, नेमक्या ठोक्याला गुण. ज्याचे गुण सर्वांत कमी, त्यानं महिनाभर बाकी चौघांचे ग्रीसनं माखलेले कपडे धुवायचे. घाबरून मी काड्या हातोडीसारख्या मुठीत आवळल्या. पहिल्याच ठोक्याला एक निसटली ती थेट वरणाच्या पातेल्यात. "भिया, ड्रम बजा रहा है कि खिळे ठोकतोय?" सोबती खिदळले. मावशींनी काडी धुऊन आणली. "चिमटा धरतोस ना, तशी धर. अंगठा आणि बोट. फुलका फाटता कामा नये!" असं म्हणत दाखवायला माझ्याच डावात स्वतः बसल्या आणि अर्ध्या गाण्यातच सगळ्यांचे गुण ओलांडून गेल्या. तेवढ्यात तव्यावरून जळका वास आला, तशा काड्या माझ्या हातात देऊन धावल्या. उरलेलं गाणं मी चिमट्याच्या पकडीनं वाजवलं. कपडे धुण्यातून वाचलो. एक दिवस तसेच ड्रम घेऊन देवासला जाणार आहे. फुलके मी भाजीन, मावशींनी गाणं शेवटपर्यंत वाजवायचं.