बाकावरचा चिंचोका

"बाकावर बसा, अन् मंग खरं सांगा," असं म्हणत बाई पेशंटच्या हातावर एक चिंचोका ठेवत. सदर भागातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात त्या मदतनीस होत्या. इंदोरा वस्तीतून सायकलवर येत आणि माझ्याआधी कुलूप उघडत.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. दाताची सडकी नस काढून मूळ साफ करायला आम्ही बारीक सुया हाताने फिरवायचो. मग मी मोठ्या हौसेने मोटारीवर फिरणारी सुई आणली. काम निम्म्या वेळात! माझे पाय जमिनीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी पेशंटला विचारावं, "दुखलं का?", तर तो हात जोडून म्हणे, "बिलकुल नाही, डॉक्टरसाहेब."

बाई मात्र सुया उकळता उकळता म्हणाल्या, "साहेब, मशीनवाले लोक रातभर जागून राहिले."

"मला तर कोणी सांगत नाही."

"तुमाले काहून सांगतील? तुमच्या तोंडावर दुखते म्हणायले शरम वाटते त्याईले."

मला राग आला. माझ्या मशीनला नावं ठेवता म्हणजे काय! म्हटलं, "पुरावा दाखवा. नाही तर हा विषय पुन्हा काढू नका."

दुसऱ्याच दिवशी बाकाशेजारी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या आल्या. एक हाताच्या सुईची, एक मशीनची. रात्री दुखलं असेल तर आपल्या बरणीत चिंचोका टाकायचा, नसेल तर बाईंना परत द्यायचा. तोंडाने बोलायचंच नाही, मग भीड कसली? मीही जिद्दीने दोन्हींचे पेशंट आलटूनपालटून घेऊ लागलो.

महिन्याभराने सावनेरचे एक गुरुजी आले. त्यांचा एक दात मी आधी हाताने केला होता, दुसरा आदल्या दिवशी मशीनने.

"कसं आहे, गुरुजी?"

"एकदम फर्स्टक्लास, साहेब!"

मी बाईंकडे ऐटीत पाहिलं. गुरुजी बाहेर गेले. मी पडद्याआडून बघत होतो, चोरूनच म्हणा. त्यांनी गाल दाबून धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि मशीनच्या बरणीत चिंचोका टाकला.

"अन् पयला दात केला तवा?" बाईंनी विचारलं.

"तवा तं जेवून मस्त झोपलो होतो, बाई. पण साहेबाले सांगू नोका. लय शौकानं मशीन आणली त्याईनं."

बाईंनी दोन्ही बरण्या माझ्या टेबलावर पालथ्या केल्या. मशीनचे चिंचोके टेबलावर न मावता खाली घरंगळले. हाताचे मूठभरही निघाले नाहीत. मी हरलो, आणि खरं सांगतो, हरून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. मशीन कपाटात गेलं. त्या संध्याकाळी बाई सायकलची घंटी वाजवत घरी गेल्या, साऱ्या सदरला ऐकू जाईल अशी.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही कधी माझ्याकडे आलात तर बघा. खुर्चीतल्या पेशंटला मी दुखलं का म्हणून विचारत नाही. त्याला घेऊन बाहेर येतो, बाकावर शेजारी बसतो आणि त्याच्या हातावर चिंचोका ठेवतो.