बेपत्ता नवऱ्याची सही

घरं मिळणाऱ्यांची यादी शुक्रवारी संध्याकाळी बंद होणार होती, आणि सोमवारी सकाळी हौसाबाईंचा अर्ज तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर परत आला. वर साहेबांच्या लाल पेन्सिलीचा तोच शेरा होता: ‘पतीची सही किंवा मृत्यूचा दाखला.’

या घोळाला निम्मा मी जबाबदार होतो.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. साताऱ्यात, गावाबाहेर, शिपायांच्या कुटुंबांसाठी सरकारने दोन-दोन खोल्यांची घरं बांधली होती. कमी उत्पन्नाच्या माणसाने थोडी रक्कम आधी भरायची, बाकीची हप्त्याने. मी त्या कचेरीत क्लार्क होतो. अर्जांची स्क्रुटिनी माझ्याकडे, म्हणजे लागणारे सगळे कागद जोडलेत की नाहीत ते बघायचं.

हौसाबाई दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. तिशीच्या आतबाहेर वय, सासर रहिमतपूरकडचं. नवरा दगडू पलटणीतून ब्रह्मदेशात गेला होता. तिकडून आलेल्या पत्रात कामाचा शब्द एकच होता, ‘मिसिंग’. मेला असं नाही, पकडला गेला असंही नाही. सापडत नाही, एवढंच. आमच्या छापील फॉर्मात मात्र शिपाई स्वतः आणि शिपायाची विधवा असे दोनच रकाने. पत्नीने अर्ज केला तर नवऱ्याची सही हवी. हौसाबाई कशातच बसत नव्हत्या.

पहिल्यांदा अर्ज घेताना मीच म्हणालो होतो, “होईल काम. काळजी करू नका.” त्या भरवशावर त्यांनी भाड्याची खोली सोडत असल्याचं मालकाला सांगून टाकलं. मालकाने दुसरा भाडेकरू ठरवलाही. महिनाअखेरीला बाई आपलं सामान घेऊन कुठे जाणार, हा विचार मला जेवू देत नव्हता.

दुपारी मी दवाखान्यात गेलो. बाई व्हरांडा धूत होत्या.

“एक कागद लिहून द्या,” मी म्हणालो. “नवरा मेला असं मी धरून चालते, एवढंच. बाकी मी बघतो.”

त्यांनी बादली खाली ठेवली. “आन् उद्या ते दारात आलं तर? काय सांगू मी? घरापायी तुमास्नी मारलं म्हून?”

त्यांनी बादली परत उचलली.

मग म्हणाल्या, “त्यांच्या संगं सांगलीचा बाबू हुता. लाकडाच्या वखारीत कामाला हाय म्हनत्यात. परत येऊन साल झालं, पर मला भेटाय आला न्हाई. त्येला ठावं असंल.”

मंगळवारी मी रजा टाकली आणि आगगाडीने मिरजेवरून सांगली गाठली. तिसऱ्या वखारीत बाबू सापडला. एका पायाने लंगडणारा, माझ्याच वयाचा माणूस. दगडूचं नाव काढल्याबरोबर त्याने करवत बाजूला ठेवली.

“वयनीनं धाडलंय?”

मी हो म्हणालो. मग त्याने सांगितलं ते असं. पलटण माघारी फिरली होती. दगडूला ताप, चालवत नव्हतं. ज्यांना चालवत नाही त्यांना वाटेवरच्या झोपडीत ठेवा, मागून गाडी येईल, असा हुकूम झाला.

“मीच त्येला भिताडाला टेकवून बसिवला,” बाबू म्हणाला. “मागनं गाडी गेलीच न्हाई.”

“मेलेला पाहिलात का?”

“न्हाई.” त्याने अंगावरचा भुसा झटकला. “पर तुमाला पायजे तर लिवा, बगितला म्हून. मी सही देतो. येवढं तरी माज्या हातनं हूं द्या.”

सांगली तेव्हा संस्थान होतं. तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढचं अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे शपथेवर दिलेला लेखी जबाब, आमच्या कचेरीत चालत नसे. चाललं असतं तर मी त्या दिवशी तिथेच खोटं लिहून घेतलं असतं, हे आज कबूल करतो.

“साताऱ्याला यावं लागेल,” मी म्हणालो.

“वयनीसमोर?”

“त्याही असतील.”

त्याने करवत परत उचलली. “येतो.”

गुरुवारी तो आला. हौसाबाई कोर्टाच्या दारातच उभ्या होत्या. त्यांना बघितल्यावर बाबूच्या तोंडून खोटं निघेना. त्याने झोपडी, ताप, हुकूम, सगळं होतं तसं सांगितलं. जबाब झाला: ‘शेवटचा जिवंत पाहिला.’

बाहेर आल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, “पानी हुतं जवळ?”

“बाटली भरून ठिवली हुती, वयनी.”

“म्हंजी मेलेलं कुनी बगितलं न्हाई.”

“न्हाई.”

त्या रडल्या नाहीत. बाबू मात्र कोर्टाच्या पायरीवर बसून रडला. मी कागद हातात धरून उभा होतो. त्यावर शपथेवर ‘जिवंत’ असं लिहिलं होतं; आमच्या कचेरीच्या हिशेबाने हा कागद नसता तर बरं होतं. यादी बंद व्हायला एक दिवस उरला होता.

शुक्रवारी सकाळी दुसरं काही सुचेना म्हणून मी सरकारचा मूळ आदेश काढून वाचला. त्यात विधवा हा शब्दच नव्हता. ‘शिपाई अथवा त्याचे कुटुंब’, बस्स. आमच्याच कचेरीने कुठल्याशा जुन्या पेन्शनच्या फॉर्मावरून रकाने उतरवून छापायला दिले होते. मी आदेश घेऊन साहेबांकडे गेलो.

त्यांनी तो दोनदा वाचला. “कुटुंबात बायको येते हे मलाही कळतं. पण उद्या तो माणूस आला, म्हणाला, माझ्या नावावर घर का नाही? ऑडिटला उत्तर कोण देणार? तुम्ही?”

साहेब दुष्ट नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि प्रत्येक सहीची त्यांना भीती वाटे. त्यांनी फाइल बाजूला सरकवली. तीन वाजले, चार वाजले. मी पुन्हा आत गेलो, पुन्हा तेच उत्तर. हौसाबाई दुपारपासून व्हरांड्यात बसून होत्या. दार उघडंच होतं. त्या उठून दारात आल्या.

“सायेब, मग तसंच लिवा की.”

“कसं?”

“घर माज्या नावानं. ते आलं तर त्यांचं नाव बी घालायचं. मी कशाला न्हाई म्हनंन? मी वाटच बगतीया.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग नोटशीट, म्हणजे फाइलीतला शेऱ्यांचा कागद, पुढे ओढून त्यांनी लिहिलं: ‘मंजूर. पती हजर झाल्यास त्यांचे नाव सामाईक दाखल करावे.’ यादी टाइप झाली होती. शेवटच्या नावाखाली मी हाताने हौसाबाईंचं नाव लिहिलं. घाईत अक्षर वाईट आलं.

महिनाअखेरीला त्या नव्या घरात राहायला गेल्या. पुढे काही वर्षांनी आमची कचेरी दुसरीकडे हलली, तेव्हा त्या मुद्दाम मला भेटायला आल्या. तो शेरा नव्या फाइलीत उतरवलाय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी काढून दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी नीट बघून घेतला.

दुसरं नाव दाखल करायची वेळ आली नाही.

मी त्यानंतर पुष्कळ वर्षं नोकरी केली. कुणाचा अर्ज रकान्यात बसत नाही असं समोर आलं की मी आधी मूळ आदेश मागवून वाचत असे. बऱ्याचदा तो रकाना सरकारने मागितलेलाच नसे.