दारातला कडुनिंब

इथे आखातात, अल वक्राला आमच्या बांधकामाच्या साइटशेजारी एक म्हातारी इंग्रज बाई स्टूल टाकून रानझुडपांची चित्रं काढायची. पान तोडायची नाही. कर्कटकानं मोजून तेवढंच कागदावर उतरवायची.

"ही काटेरी झुडपंच का?" मी एकदा इंग्रजीत विचारलं.

"जी जाणार असतात, तीच काढते," थेट माझ्याकडे बघत ती म्हणाली.

आठवड्याभरात तिथे बुलडोझर फिरला. पुढे ती अल थुमामाच्या साइटजवळ दिसली. तिथेही तेच झालं. तेव्हापासून तिचं स्टूल दिसलं की ती काय काढतेय ते मी आधी बघतो.

आज मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवायला खाली उतरलो, तर आम्ही राहतो त्या अल मन्सूरातल्या जुन्या इमारतीच्या दारातल्या कडुनिंबासमोर ती बसलेली.

"बाबा, दॅट्स अवर ट्री!" मुलगी हरखली.

मी गुड मॉर्निंग म्हटलं. बाईनं पहिल्यांदाच नजर चुकवली.