बिस्मथचा छर्रा

काल ड्रॉवर आवरताना टाचण्यांत एक राखाडी छर्रा सापडला आणि इचिकावा या जपानी शहरातले आमचे शेजारी आजोबा आठवले. दर हिवाळ्यात ते बदकांच्या शिकारीला जात. एकदा नातीच्या सूपमध्ये शिशाचा छर्रा निघाला, तेव्हा काडतुसांचा कॅटलॉग घेऊन ते थेट माझ्याकडे आले. मी धातूंवर संशोधन करते हे त्यांना ठाऊक होतं. "शिसं विषारी, सोडलं मी. आता काय घेऊ?" मी फक्त घनता पाहिली आणि ठासून सांगितलं, "टंगस्टन. शिशापेक्षा जड आहे, लांबवर मारेल." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बंदूक वडिलांची आहे. इतक्या कडक छर्‍यांनी नळी खराब होईल." बंदुकीचं मी विचारलंच नव्हतं. ओशाळून बिस्मथ सुचवलं. ते मऊ असतं, पण शिशापेक्षा हलकं, त्यामुळे लांबून मारा कमी पडतो. "मग जवळ जाईन," ते म्हणाले. त्या हिवाळ्यात ते पहाटेपासून गार चिखलात दबा धरून बसायचे आणि बहुतेकदा रिकाम्या हाताने परतायचे. हंगाम संपता संपता एक बदक मिळालं, तेव्हा त्यातला हा छर्रा धुऊन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. आता विद्यार्थी कुठला धातू चांगला म्हणून विचारायला आले, की मी आधी विचारते, "वापरणार कशात?"