बोटवाले आप्पांचे शॉकअप

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कोणत्याही मोटारीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवायचे, ती जोराने खाली दाबायची, हात उचलायचे आणि गाडी किती वेळा वरखाली होते ते मोजायचे, ही बोटवाले आप्पांची सवय होती. गाडी कोणाची आहे याची ते पर्वा करीत नसत. एकदा आमच्या कचेरीसमोर थांबलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या जीपवर त्यांनी हा प्रयोग केला. आतला ड्रायव्हर दचकून बाहेर आला.

"ओ काका, काय चाललंय?"

"तीन वेळा हलली," आप्पा शांतपणे म्हणाले. "एक-दीड वेळा हलून थांबायला पाहिजे. मागचे शॉकअप गेलेत. तुमच्या साहेबांची कंबर दुखते का, विचारा."

साहेबांची कंबर दुखत होती हे मला खात्रीने ठाऊक होते, कारण त्यांच्या वैद्यकीय रजेचा अर्ज माझ्याच लेखणीतून उतरला होता.

मी वसईच्या कचेरीबाहेर टेबल मांडून बसणारा अर्जनवीस. शाळा सातवीत सुटली, तरी जमिनीची, वारसाची, दाखल्यांची अशी या तालुक्यातील असंख्य प्रकरणे माझ्या हातून मार्गी लागली आहेत, हे येथे नम्रपणे नमूद करतो. आप्पा हे माणिकपूरच्या पलीकडील एका बागायतदार घराण्यातले. केळी आणि पानवेलीची वाडी भावांवर सोपवून ते तरुणपणी मालवाहू बोटीवर गेले आणि तीस वर्षे इंजिनखोलीत राबून परत आले, म्हणून बोटवाले आप्पा. घरात ते आपल्या वाडवळी बोलीत बोलत. माझ्या टेबलापाशी आले की मात्र शब्द तोलून बोलत. मला काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, 'भावोजी' म्हणत आणि ते 'रायटर' म्हणत. ते जाऊन आता काही वर्षे झाली. त्यांच्याविषयी लिहायचे तर त्या गाडीविषयीच लिहावे लागते.

आप्पा घरी परतले ते काकूंना देश दाखवायचा या बेताने. परंतु त्याच वर्षी काकू विहिरीच्या पायरीवरून पडल्या आणि मणक्याला कायमची इजा झाली. त्यांना बसता येईना. डॉक्टरांनी निक्षून सांगितले की प्रवास करायचाच तर आडवे झोपून, आणि हादरा बसता कामा नये. काकू चार वर्षे ओसरीलगतच्या खोलीत खाटेवर होत्या. त्यांची एकच इच्छा होती. आप्पांची बोट वर्षानुवर्षे कोचीन बंदराला लागत असे आणि ते तिथल्या गोष्टी सांगत. "ते बंदर एकदा बघीन म्हणते," काकू म्हणत. आप्पा यावर कधी हळहळले नाहीत. एका सकाळी ते एवढेच म्हणाले, "तू उठू नको. मी घरच घेऊन जातो."

हा विनोद नव्हता. पुढच्याच आठवड्यात एका जुन्या मिनीबसची चासी, म्हणजे चाकांवरचा नुसता सांगाडा, त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. तो नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता; चाकांवरचे घर आमच्याकडे कोणी पाहिलेले नव्हते. आप्पांनी स्वतःच्या हाताने सागवानी चौकट उभी केली, पत्रा ठोकला, पाण्याची टाकी बसवली, शेगडीला जागा केली. काकूंची खाट त्यांनी मुद्दाम पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मधोमध ठेवली. "बोटीतसुद्धा मधल्या माणसाला कमी लागतं," हे त्यांचे कारण. परिवहन कार्यालयाकडे करावयाचा परवानगीचा अर्ज मी लिहिला, आणि तो पहिल्याच फेरीत मंजूर झाला.

घर झाले, पण शॉकअपचा प्रश्न राहिला. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडमागे पास्कलचे गॅरेज होते. हाताचा कुशल आणि तोंडाचा मोकळा असा हा पास्कल आप्पांचा उजवा हात.

"ट्रकचे टाका, आप्पा, डोळे झाकून," तो म्हणाला. "एवढं वजनदार घर. जन्मभर परत बघायला नको."

ट्रकचे शॉकअप बसवून आप्पा स्वतः त्या खाटेवर आडवे झाले आणि पास्कलने गाडी फिरवून आणली. आप्पा उतरले ते कंबरेवर हात ठेवूनच. "खडा न् खडा मोजून आलो. काढ हे."

"अहो, पण वजन कोण उचलणार?"

"वजन स्प्रिंगचे पाटे उचलतात, पास्कल. शॉकअपचं काम उचलायचं नाही. पाटा उसळला की त्याला गप्प बसवायचं, एवढंच. फार दाबलंस तर पाटा कामच करत नाही, फार मोकळं सोडलंस तर नाचतच राहतो."

"हे मला माझ्या लग्नाआधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही," पास्कल म्हणाला आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला.

पुण्याच्या बाजूला एक लहानसा कारखाना मागणीप्रमाणे शॉकअप तयार करून देतो, असे पास्कलनेच शोधून काढले. त्यांना भरलेल्या गाडीचे पुढच्या आणि मागच्या चाकांवरचे वजन वेगवेगळे कळवायचे होते. आप्पांनी गाडी जशी प्रवासाला निघेल तशी भरली. टाकीत पाणी, डब्यांत तांदूळ, सिलिंडर, औषधांची पेटी, अंथरूण-पांघरूण. काकूंच्या जागी त्यांच्या वजनाइतकी रेती भरलेले पोते खाटेवर ठेवले.

काकूंनी हे खिडकीतून पाहिले. "मला पोत्याबरोबर तोलताय होय?"

"पोतं बोलत नाही, एवढाच फरक आहे."

"मग त्यालाच न्या कोचीनला!"

महामार्गावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर आधी पुढची चाके, मग मागची, असे दोनदा वजन करून आप्पांनी चिठ्ठी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि पत्र लिहायला सांगितले.

आता जे लिहितो ते लिहिणे मला सुखाचे नाही. आमच्या व्यवसायाचा एक अलिखित नियम आहे. अर्जातला आकडा आणि सरकारी कागदावरचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. जमिनीचे क्षेत्र असो, माणसाचे वय असो, प्रत्यक्षात काही असले तरी दप्तरात जे आहे तेच लिहायचे, नाहीतर अर्ज परत येतो. आप्पांच्या चिठ्ठीवर मागच्या चाकांचे वजन गाडीच्या नोंदणी पुस्तकातील आकड्यापेक्षा साडेसहाशे किलोंनी अधिक होते. मला वाटले, उद्या हेच पत्र कोणी परवानगीच्या कागदांना जोडून पाहिले तर आक्षेप निघेल. मी कोणालाही न विचारता, मोठ्या काळजीपूर्वक, पुस्तकातला आकडा लिहिला. पत्र सुंदर झाले होते. आप्पांनी चष्म्याशिवायच सही केली, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

दीड महिन्याने शॉकअप आले. रिकाम्या गाडीला ते उत्तम बसले. मग एका रविवारी चौघांनी काकूंना अलगद खाटेवर ठेवले आणि आप्पांनी गाडी बाहेर काढली. मी मानाने पुढे, त्यांच्या शेजारी बसलो होतो. माणिकपूरपर्यंत सर्व ठीक होते. काकू झोपल्या झोपल्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. चार वर्षांत केवढे बदलले म्हणून आश्चर्य करीत होत्या. पुढे एका गतिरोधकावर गाडी वर गेली, खाली आली, आणि थांबली नाही. पुन्हा वर गेली. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा मागून काकूंचा आवाज आला. तो आवाज मी विसरलेलो नाही.

त्या तीन आठवडे कुशीवरसुद्धा वळू शकल्या नाहीत. डॉक्टरांनी आप्पांना सर्वांदेखत खडसावले. काकूंनी मात्र कोणाला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, "पुरे आता. इथून केळी दिसतात तेवढं बस झालं मला."

मी संतापून कारखान्याला नोटिशीचा मसुदा तयार केला. निष्काळजीपणा, मनस्ताप, नुकसानभरपाई, काही म्हणून सोडले नव्हते. तो घेऊन मी अंगणात गेलो, तेव्हा आप्पा गाडीत बसून खाटेची कड रंध्याने गोल करीत होते. त्यांनी मसुदा वाचला नाही. म्हणाले, "तुम्ही पहिल्या पत्राची प्रत ठेवता ना, रायटर? ती दाखवा."

माझ्याकडे कार्बनची प्रत होतीच. त्यांनी या वेळी चष्मा लावला आणि एका आकड्यावर बोट ठेवले.

"हा कुठला?"

"पुस्तकातला."

"आणि काट्यावरचा?"

मी नियम सांगू लागलो. दप्तर, आक्षेप, सुसंगती. आप्पांनी सगळे ऐकून घेतले. मग आवाज न चढवता म्हणाले, "पुस्तकात माझी बायको झोपलेली नाही, रायटर."

पास्कल तिथेच बसला होता. एरवी एक टोमणा सोडल्याशिवाय न राहणारा तो माणूस उठून गाडीमागे निघून गेला. आप्पांनी मला हाकलून दिले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त कागद पुढे सरकवला. "लिहा परत. नोटीस नको. खरं वजन लिहा."

मी तिथेच, गाडीच्या पायरीवर बसून लिहिले: 'मागील पत्रात दिलेले वजन चुकीचे होते. चूक पत्र लिहिणाराची आहे.' आणि खाली माझे स्वतःचे नाव घातले. तोवर मी हजारो अर्ज लिहिले होते. स्वतःच्या नावाने चूक कबूल करणारा हा पहिला. कारखान्याच्या मालकांनी शॉकअप परत मागवले, आतल्या झडपा खऱ्या वजनाप्रमाणे बसवल्या आणि पाठवून दिले.

ते बसवून झाल्यावर आप्पांनी मला निरोप धाडला. गेलो तर म्हणाले, "रेती उतरवलीय. तुम्ही झोपा."

"मी?"

"आकडा तुमचा होता."

मी धोतर सावरून काकूंच्या खाटेवर आडवा झालो. आचोळ्याचा रस्ता तेव्हा अर्धाअधिक खोदलेला असे. आप्पांनी गाडी नेमकी तिकडे घातली. जाऊन-येऊन तासभर मी छताकडे पाहत पडून होतो. शरमेपोटी मी जो खड्डा येईल तो मनाने मोजत होतो. गाडी प्रत्येक वेळी एकदा वर जाई, खाली येई आणि बसे.

परत आल्यावर आप्पा मला थेट काकूंच्या खोलीत घेऊन गेले. काकूंनी तोंड भिंतीकडे केलेले होते.

"भावोजी झोपून आलेत," आप्पा म्हणाले.

काकूंनी सावकाश मान वळवली. "अर्जात लिहिता तसं सांगू नका हां भावोजी. एका वाक्यात सांगा."

मला आयुष्यात एवढे अवघड वाक्य कोणी मागितले नव्हते. मी म्हणालो, "काकू, खड्डा कळतो, लागत नाही."

मग आप्पांना म्हणाल्या, "सुंठीचा डबा भरून घ्या. बाहेरचा चहा मला चालत नाही."

नाताळाच्या आधी दोघे निघाले ते दीड महिन्याने परतले. कोचीनला चार दिवस गाडी धक्क्याजवळ उभी होती आणि काकू खिडकीतून बोटी पाहत होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा तक्रार करू लागल्या, "यांची बोट कुठली म्हणून विचारलं, तर म्हणे ती भंगारात गेली! एवढी मी गेले, आणि बोटच नाही." पण हे सांगताना त्या हसत होत्या. त्यानंतर आणखी दोन प्रवास झाले. तिसऱ्या वर्षी काकू घरीच, झोपेत गेल्या.

तेव्हापासून माझ्या टेबलापाशी कोणी आकडा सांगितला की मी विचारतो, कागदावरचा की खरा? दोन्हींत फरक असेल तर दोन्ही लिहितो आणि फरकाचे कारणही लिहितो. त्यामुळे काही अर्ज परत येतात. येऊ देत.

पुढे एव्हरशाईन सिटीतील एक नोकरदार गृहस्थ गाडी विकत घ्यायला आले. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता आणि त्यांना एकदा गावी न्यायचे होते. आप्पांनी गाडी द्यायचे ताबडतोब कबूल केले, परंतु अट घातली की वडिलांची खाट, चाकांची खुर्ची, सारे सामान भरून गाडी आधी काट्यावर न्यायची आणि त्यांच्या वजनाचे नवे शॉकअप मागवायचे. सत्तरी उलटलेले आप्पा स्वतः काट्यावर गेले. नवे शॉकअप येईपर्यंत त्यांनी किल्ली हातातून सोडली नाही.

"पण आप्पा, हे जुने तर ठणठणीत आहेत की," ते गृहस्थ म्हणाले.

"आहेत. पण ते आमच्या हिच्या वजनाचे आहेत."

पास्कलने जुने चारही शॉकअप उतरवले. आप्पांनी ते फडक्याने पुसले, एकेक करून ओसरीलगतच्या खोलीत नेले आणि काकूंच्या रिकाम्या खाटेखाली ओळीने ठेवले. विक्रीचा कागद मी लिहीत होतो. 'सदर वाहन, त्यावरील घर व सर्व सामानासह,' येथवर लिहून मी थांबलो आणि आप्पांकडे पाहिले. ते दारात पाठमोरे उभे होते. मी पुढे लिहिले, 'मूळचे शॉकअप वगळून.' घेणाऱ्या गृहस्थांनी विचारले, कारण लिहायला नको का? मी म्हणालो, नको.