बाप्टिझो आणि माझं टाकं

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारंज्यातल्या माझ्या रंगाईच्या दुकानात होतो. हात कोपरापर्यंत हिरवे. त्या हातांनी डोळेही पुसता येईनात... तो चर्चचा पास्टर, मी रंगरेज, शाळेपासूनची दोस्ती.

बायबलसाठी तो ग्रीक शिकला आणि शिकलेलं स्वतःपाशी ठेवणं त्याला कधी जमलं नाही. ख्रिस्ती दीक्षेचा बाप्तिस्मा हा शब्द ज्या क्रियापदावरून आला, ते ‘बाप्टिझो’ त्याने मला इतकं ऐकवलं की मीच प्रवचन दिलं असतं. मूळ ‘बाप्टो’, म्हणजे बुडवणं. कापड रंगात बुडवणंही त्यातच आलं. “म्हंजे तुहाच धंदा हाय हा, युसूफ,” असं म्हणत तो माझाच चहा प्यायचा. बाप्टिझो त्याहून जोरकस, पार पाण्याखाली. म्हणून कपाळावर पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा त्याला मान्य नव्हता. त्यावरून काही घरं कायमची दुरावली. हट्टी होता, फार हट्टी.

त्याच्या आईचा बाप्तिस्मा लहानपणी शिंपडूनच झालेला. म्हातारपणी तिचं हृदय पार थकलं, तेव्हा ती पाण्यात उतरायचं म्हणू लागली. गार पाण्याचा धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रभाकर म्हणाला, “माय, शिंपडलेलं बी चालते.”

“मंग इतके वर्स लोकायले काय सांगून राह्यला होता?”

तो तडक माझ्याकडे आला. “तुहं रंगाचं टाकं घासून देतं का? कोमट पानी लागन.”

मी टाकं घासलं, पाणी तापवलं. मायला आत उतरवताना त्याचे ओठ पांढरे पडले होते. हळूच मला म्हणाला, “जहाज बुडते न, त्यालेही ग्रीक लोक बाप्टिझोच म्हनत.” इतक्या वर्षांत हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

मी काठावरून मायचा हात धरला होता. त्याने तिच्या मानेखाली तळवा घातला, प्रार्थना म्हटली आणि तिला मागे झुकवलं. पाणी कानांवरून गेलं, गालांना लागलं... तिचा श्वास अडकला, बोटं माझ्या मनगटात रुतली. तो थांबला. कपाळ, नाक, मिटलेले डोळे अजून पाण्यावरच होते. मोकळ्या हाताने त्याने तिच्या कपाळावरून पाणी सोडलं आणि तिला वर उचललं.

“पुरी बुडाली न मी?” धापा टाकत तिने विचारलं.

“हो माय. पुरी.”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माय पुढे समाधानाने गेली. त्यानंतर शिंपडून घ्यायला आलेल्या कुणालाही त्याने परत पाठवलं नाही, आणि ते क्रियापद माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही. पण त्या दिवशी तो मला जितका आवडला, तितका आधी कधीच आवडला नव्हता.

टाकं अजून तेच आहे. कापड सोडलं की एखादा कोपरा वर तरंगतोच. तो काठीने दाबायचा असतो. हल्ली माझा हात जरा थांबतो... राहू द्यावा म्हणतो कोरडा. मग दाबतो. गिऱ्हाइकाला काय सांगणार?